मादप्पा भावोजींची यझदी

माझे भावोजी मादप्पा गाडीचा आवाज ऐकून तिचं दुखणं सांगायचे. हे ते स्वतः कुणाला सांगत नसत. गरजच नव्हती, सांगायला अर्धं म्हैसूर तयार होतं. आमच्या गावात मोटरसायकलींचा कारखाना होता, तेव्हा ते तिथे टेस्ट रायडर होते. नवी कोरी यझदी बाहेर आली की भावोजी तिच्यावर बसणार, धरणाच्या रस्त्यानं एक फेरी मारून येणार, इंजिन चालू ठेवून खाली उतरणार, एका लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावणार आणि डोळे मिटणार. आजूबाजूचे सगळे तेवढा वेळ गप्प. मग एक तर टाकीवर खडूची बरोबरची खूण उमटायची, नाही तर गाडी परत आत जायची. साहेब लोकसुद्धा त्यावर हूं की चूं करत नसत.

कारखाना बंद झाला तरी लोकांनी भावोजींना काही निवृत्त होऊ दिलं नाही. मेटगळ्ळीतल्या त्यांच्या घरासमोर रोज सकाळी कुणी ना कुणी जुनी गाडी घेऊन उभा असायचा. भावोजी खांद्यावर पंचा टाकून बाहेर येणार, ऐकणार, सांगणार. त्यांची फी म्हणजे आमच्या अक्काच्या हातची कॉफी प्यायची आणि तिला चांगली म्हणायची. कॉफी माझ्या दुकानातली असल्यामुळे कुणाला खोटं बोलावं लागत नसे.

मी रेवण्णा, पुट्टतायम्मा अक्काचा धाकटा भाऊ. देवराज मार्केटच्या मागे माझं कॉफी पावडरचं दुकान आहे आणि मला टू-स्ट्रोक गाड्यांचं अजिबात कौतुक नाही. पेट्रोलात तेल ओतायचं, त्या तेलाचा धूर करून मागच्याच्या तोंडावर सोडायचा, आणि वर ‘काय आवाज आहे’ म्हणून माना डोलवायच्या. यझदीला तर किक आणि गिअर एकाच दांडीवर. आधी किक मारा, मग तीच दांडी पुढे पाडून तिचाच गिअर करा. हे ज्याला सुचलं त्याच्या घरी मीठ आणि साखर एकाच डब्यात असणार. माझी स्कूटर बटण दाबलं की चालू होते. हे मी भावोजींना वरचेवर ऐकवत आलोय आणि ते मला ‘बटणवाला’ म्हणत आलेत.

यंदा दसऱ्यानंतरच्या रविवारी जुन्या गाड्यांच्या शौकिनांनी चामुंडीच्या डोंगरावर एकत्र जायचं ठरवलं. कोडगू, हासन, मंड्या, कुठून कुठून गाड्या येणार होत्या. त्यांचा म्होरक्या लोहित म्हणून एक दाढीवाला, बँकेत नोकरी करणारा. तो घरी आला, भावोजींच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, मादप्पण्णा, सगळ्यात पुढे तुमची गाडी. तुमच्या पुढे कुणी चाक घालणार नाही. निघायच्या आधी तुम्ही गाड्या ऐकायच्या आणि खडूची खूण करायची, कारखान्यात करायचात तशी. भावोजी हसले की नाही ते मिशीमुळे कधीच कळत नाही, पण त्या दिवशी त्यांनी लोहितला दुसऱ्यांदा कॉफी प्यायला लावली.

लोहितला एकच गोष्ट ठाऊक नव्हती. ज्या गाडीच्या मागे हा सगळा लवाजमा निघणार होता, ती गाडी डोंगर चढत नव्हती.

गावात ती झकास पळायची. मेटगळ्ळीहून माझ्या दुकानापर्यंत, दुकानाहून मंडी मोहल्ल्यापर्यंत, कधी कुरकुर नाही. पण डोंगराचा चढ लागला, अर्धा रस्ता मागे पडला, की मोठ्या दगडी नंदीकडे जायच्या फाट्याच्या जरा अलीकडे तिचा जीव जायला लागायचा. आधी एक उचकी, मग दोन, मग ॲक्सिलरेटर कितीही पिळा, दमेकऱ्यासारखं धापा टाकत टाकत ती मरायची. भावोजी उतरायचे. सगळ्यात आधी टाकीचं झाकण उघडून आत पेट्रोल बघायचे, गाडी दोन्ही बाजूंना हलवायचे, झाकण लावायचे. मग प्लग काढायचा, पुसायचा, फुंकायचा, परत लावायचा. एक किक, आणि गाडी चालू. जणू काही झालंच नव्हतं. वर पोचेपर्यंत हाच तमाशा पुन्हा एकदा.

“प्लग,” भावोजी म्हणायचे. “प्लग काळा पडतोय.”

प्लग बदलला. गाडी बंद पडली. मग गाडी गेली फय्याजकडे. फय्याज म्हणजे मंडी मोहल्ल्यातला मेकॅनिक, भावोजींच्याच वयाचा, त्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्याला ते अजून शिव्या घालतात आणि तो अजून त्यांना अण्णा म्हणतो. फय्याज म्हणाला, तापल्यावर मरते ना, मग कॉइल. कॉइल बदलली, डोंगरावर गेलो, गाडी बंद पडली. मग पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला. बंद पडली. कार्बोरेटर खोलून त्याचं एकेक भोक तारेनं साफ केलं. बंद पडली. मग दोन्ही सायलेन्सर काढून भट्टीत लाल होईपर्यंत तापवले आणि आतली काजळी झाडली. ती इतकी निघाली की फय्याजनं आनंदानं मला मिठी मारली आणि माझा शर्ट वाया गेला. त्या दिवशी आम्ही गात गात डोंगर चढलो. गाडी त्याच जागी बंद पडली.

या प्रत्येक वारीत मी मागून स्कूटरवर हत्यारांची पिशवी आणि चित्रान्नाचा, म्हणजे फोडणीच्या लिंबूभाताचा, डबा घेऊन असायचो. माझी स्कूटर चढावर रडतखडत यायची, त्यामुळे मी पोचेपर्यंत भावोजी प्लग पुसत बसलेले असायचे. मग आम्ही कठड्यावर बसून चित्रान्न खायचो. माकडं आम्हाला ओळखायला लागली होती.

एकदा फय्याज स्वतः गाडी घेऊन गेला आणि थेट देवळापर्यंत जाऊन आला. न थांबता. “अण्णा, गाडीला काही झालेलं नाही,” तो म्हणाला. पुढचं वाक्य त्यानं तोंडातल्या तोंडात गिळलं. ते भावोजींना समजलं, कारण त्यांनी त्या दिवशी त्याला एकही शिवी घातली नाही.

आता अक्काबद्दल सांगायला हवं. दोन-तीन वर्षांपूर्वी भावोजी ओल्या रस्त्यावर गाडीसकट घसरले आणि हात मोडून घेतला. तेव्हा अक्का मागे बसलेली होती. तिला फक्त खरचटलं, पण त्यानंतर ती त्या गाडीवर बसली नाही. गाडी विका, असंही म्हणाली नाही. तिनं वेगळाच मार्ग काढला. दर शुक्रवारी न्हाऊन आली की ती गाडीची पूजा करायची. आयुधपूजेला आमच्याकडे सगळेच गाड्यांना गंध लावतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, कोहळा फोडतात, त्यात नवल नाही. पण अक्काची आयुधपूजा दर आठवड्याला. आणि तिचं म्हणणं असं की गाडीचं कपाळ म्हणजे टाकीचं झाकण. गोल, मधोमध, सगळ्यात वर. तिथे ती आधी ओल्या चंदनाचा जाड टिळा लावायची आणि त्यावर डोंगरावरच्या देवळातून आणलेलं कुंकू दाबून बसवायची. जुनं पुसायचं नाही. चामुंडीआईचं कुंकू पुसतात का कुठे? थरावर थर चढत गेले आणि ते झाकण देवळातल्या जुन्या मूर्तीसारखं दिसायला लागलं. भावोजी गाडी पुसताना तेवढी जागा सोडून पुसायचे. फय्याज तर झाकणावर स्वच्छ फडकं टाकून मगच कामाला बसायचा. अम्मांचं कुंकू आहे, माझा तेलकट हात नको, म्हणायचा.

गाडी डोंगरावर रुसायला लागल्यावर अक्कानं कुंकू दुप्पट केलं.

रविवार जवळ येत चालला. लोहित रोज दुकानात येऊन सांगायचा, आज इतके आले, उद्या तितके येतायत. पोरगा उत्साहानं उतू जात होता. मी भावोजींना म्हटलं, सांगून टाका ना त्याला, गाडी जुनी आहे, चढत नाही, मी जीपमधून येतो. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पिशवीतला पाना उगाच पुसायला घेतला. आम्ही त्याच कठड्यावर बसलो होतो, गाडी समोर मेलेली.

“रेवण्णा,” ते म्हणाले, “सगळ्यांच्या पुढे ही इथे बंद पडली, तर लोक गाडीला म्हातारी म्हणणार नाहीत. म्हणतील, मादप्पाला स्वतःच्या गाडीचं दुखणं ऐकू येत नाही.”

मी हसून म्हटलं, म्हणू देत की. त्यांनी मान फिरवली. मग माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जुळायला लागली. मागून हाक मारली की ते वळत नसत, ते मी त्यांच्या गर्वाच्या खात्यावर टाकलं होतं. अलीकडे स्क्रू ड्रायव्हरची मूठ ते कानाला न लावता कानामागच्या हाडाला लावायचे, ती मला त्यांची नवी ऐट वाटली होती. हयातभर मोकळ्या सायलेन्सरच्या गाड्या फिरवल्या, कानांनी कधीतरी राजीनामा देणारच. आणि हा माणूस ते कुणालाही कळू न देता रोज सकाळी पंचा टाकून अंगणात उभा राहत होता, हाताला जाणवेल तेवढ्यावर दुखणी सांगत होता. मला वाईट वाटलं आणि रागही आला. बायकोच्या भावाला तरी सांगायचं.

शुक्रवारी सकाळी अक्काचा कुंकवाचा करंडा रिकामा झाला. दुप्पट वापरल्यावर दुसरं काय होणार? आणि तिला देवळातलंच कुंकू हवं, ते सुद्धा आज, कारण परवा गाडी सगळ्यांच्या पुढे निघायची. दसऱ्याची गर्दी अजून ओसरलेली नव्हती, बसच्या दारांना माणसं लोंबकळत होती. मी म्हटलं, स्कूटरवर चल. अक्कानं माझ्याकडे वरून खाली पाहिलं.

“तुझ्या स्कूटरवर तू एकटा कसाबसा मावतोस,” ती म्हणाली. “मी ह्यांच्या मागे बसते.”

भावोजींच्या हातातली किल्ली तिथेच थांबली. अक्कानं पदर खोचला, टाकीला नमस्कार केला आणि बसली. डोळे घट्ट मिटलेले, दोन्ही हातांनी भावोजींचा शर्ट मुठीत धरलेला. भावोजींनी इतकी हळुवार किक मारली की इंजिनाला ती आधी खरीच वाटली नसावी.

त्यांनी टाकी काठोकाठ भरून घेतली. डोंगराला जाताना ते नेहमीच भरून घेत. चढ लागला. मागे माणूस असल्यानं ते सावकाश चालवत होते, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा माझी स्कूटर यझदीच्या पाठोपाठ राहिली. मी मनातल्या मनात चामुंडीआईला म्हणत होतो, आज तरी चढव बाई, अक्का बसलीय. तोच पहिली उचकी आली, आणि नंदीच्या फाट्याच्या अलीकडे गाडी मेली. मी शेजारी पोचेपर्यंत भावोजींनी सवयीनं झाकण उघडलेलं होतं आणि अक्का भुवया जवळ आणून टाकीकडे बघत होती.

“हे काय वाजलं?” तिनं विचारलं.

“काही नाही. इंजिन तापलंय.”

“इंजिन नाही. तुम्ही झाकण उघडलंत तेव्हा. फुस्स करून काहीतरी आत ओढलं.”

“झाकण कशाला वाजेल?” भावोजी म्हणाले आणि प्लगचा पाना मागायला माझ्याकडे हात पुढे केला.

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? माझी स्कूटर फटफटत होती, आणि इतक्या फेऱ्यांत मी एकदाही वेळेवर पोचलो नव्हतो. प्लग पुसला, किक बसली, गाडी निघाली. वरच्या वळणाच्या आधी ती ठरल्याप्रमाणे पुन्हा मेली. या वेळी मी स्कूटर बंद करून धावत गेलो. भावोजींचा हात झाकणाकडे गेला तो अक्कानं धरला.

“थांबा. मी उघडते.”

तिनं झाकणाची कडी फिरवली आणि मी ते माझ्या कानांनी ऐकलं. लांब, स्पष्ट, बुडता माणूस वर आल्यावर श्वास ओढतो तसं.

“आलं ऐकू?” अक्कानं मला विचारलं.

“आलं,” मी म्हटलं.

भावोजी आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होते. अक्का म्हणाली, “अहो, तेलाच्या डब्याला मी एकच भोक पाडलं तर तेल येतं का? वारा आत जायला दुसरं पाडावं लागतं. ह्या टाकीत वारा कुठून जातो?”

मग भावोजींच्या अंगात जे वारं शिरलं, ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ते रस्त्यावर येरझाऱ्या घालायला लागले, माझा दंड धरून मलाही ओढत. वारा झाकणातूनच जातो, ते म्हणाले, झाकणात बारीक भोक असतं त्यासाठीच. ते बंद असलं की पेट्रोल निघून जातं पण त्याच्या जागी हवा येत नाही, टाकी आतून ओढून धरते, मग पेट्रोल खाली उतरायचंच थांबतं. टाकी जितकी भरलेली, तितकी आत हवा कमी, तितकी ती लवकर मरणार. “मी दर वेळी टाकी भरून यायचो. फय्याज गिऱ्हाइकाचं पेट्रोल जाळत नाही, तो टाकी रिकामी करून बाटलीभर घालून गेला, म्हणून त्याची चढली. आणि गाडी मेली की मी पहिल्यांदा काय करायचो? झाकण उघडायचो. तिथेच ती बरी व्हायची, आणि मी प्लग पुसत बसायचो.”

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आम्ही कॉइल बदलली, सायलेन्सर भाजले, माझा शर्ट घालवला, आणि रोग दर वेळी आमच्याच हातात उघडून आमच्याच हातानं परत बंद होत होता. मला इतका आनंद झाला की मी एका माकडाला चित्रान्नाचा आख्खा डबा देऊन टाकला.

भावोजींनी झाकण उचलून तोंडासमोर धरलं, आणि त्यांची सगळी धावपळ थांबली. त्यांनी झाकण मुठीत घेतलं. मूठ मिटली.

“वायसर गेलाय,” ते म्हणाले. “घरी गेल्यावर बघतो.”

“दाखवा,” अक्का म्हणाली.

“अगं, काही नाही त्यात बघण्यासारखं.”

“दाखवा म्हणते ना.”

तिनं त्यांची बोटं एकेक करून सोडवली. झाकण उलटं करून आभाळाकडे धरलं आणि एक डोळा मिटून आत पाहिलं. उजेडाचा ठिपका दिसला नाही. मग तिनं ते सुलटं केलं. वर तिचं चंदन आणि तिचं कुंकू, दर शुक्रवारचं, पेट्रोलच्या वाफेनं आणि उन्हानं दगडासारखं झालेलं.

मी घाईघाईनं म्हटलं, रस्त्याची धूळ बसली असणार. भावोजी म्हणाले, कारखान्यातूनच भोक बारीक आलं असेल. ज्या माणसानं जन्मभर कारखान्याच्या नावाला बोट लावू दिलं नाही, तो बायकोसाठी हे बोलला. अक्कानं आमच्यापैकी कुणाचंच ऐकलं नाही. ती कठड्यावर बसली, झाकण ओंजळीत घेऊन.

“मी पूजा करताना काय मागते, ठाऊक आहे?” ती म्हणाली. “तुम्हाला वाटत असेल, गाडी नीट चालू दे म्हणते. नाही. मी म्हणते, आई, ह्यांना लांब जाऊ देऊ नकोस. दर शुक्रवारी तेवढं एकच मागते.”

खाली आख्खं म्हैसूर पसरलेलं होतं. आम्ही तिघं तिकडे न बघता त्या झाकणाकडे बघत होतो. आणि मग भावोजी हसायला लागले. मिशीखाली नाही, चांगले खदाखदा, पोट धरून.

“मग ऐकलं की आईनं,” ते म्हणाले. “फाट्याच्या पुढे एक पाऊल जाऊ देईल तर शपथ.” हसता हसता त्यांचे डोळे भरले आणि ते अक्काच्या शेजारी बसले. “आईला ऐकू आलं. मला मात्र ते फुस्स ऐकू आलं नाही, पुट्टा. दर वेळी माझ्या नाकाखाली वाजत होतं. मला आता ऐकूच येत नाही फारसं.”

“मला ठाऊक आहे,” अक्का म्हणाली.

“कधीपासून?”

“तुम्ही कुकरच्या शिट्ट्या मोजायचं सोडलंत तेव्हापासून. मी गप्प होते, कारण तुम्ही गप्प होतात.”

अक्कानं पदराला लावलेली पिन काढली, झाकण मांडीवर धरलं, ‘आई, माफ कर’ म्हणाली आणि पिनेचं टोक कुंकवात खुपसलं. दोनदा घसरलं. तिसऱ्यांदा टचकन आत गेलं आणि डाळीच्या दाण्याएवढी लाल गुठळी तिच्या तळहातावर पडली. तिनं ती पदराच्या टोकाला बांधली. भावोजींनी झाकण तोंडाला लावून फुंकलं, आणि वारा पलीकडून निघाला. मग आम्ही निघालो, आणि ती गाडी त्या चढावर जी सुटली, तिला मी थेट देवळाच्या मैदानातच गाठलं. अक्काचे केस विस्कटलेले होते आणि डोळे उघडे होते.

फय्याजला सांगितल्यावर तो आधी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेत राहिला, मग म्हणाला, अम्मा, यापुढे हेडलाइटला लावा, तिथे भोक नाही.

रविवारी डोंगराच्या पायथ्याशी एवढ्या गाड्या जमल्या की धुरानं सगळं निळं दिसत होतं. मी नाक मुरडायचं ठरवून गेलो होतो, ते राहूनच गेलं. काळ्या, लाल, चकचकीत टाक्यांच्या रांगाच रांगा, आणि सगळ्यांच्या पुढे मरून रंगाची आमची यझदी, तिच्यावर भावोजी आणि मागे निळ्या रेशमी साडीत अक्का. मडिकेरीहून आलेल्या एका तरुणानं आपली गाडी पुढे आणली. लोहितनं हात वर करून बाकीच्यांना इंजिनं बंद करायला लावली आणि भावोजींच्या हातात स्क्रू ड्रायव्हर आणि खडू दिला. सगळे गप्प झाले. भावोजी उतरले. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर इंजिनाजवळ नेला, आणि मला दिसलं की मूठ कानाकडे निघाली आणि वाटेत थांबली.

“मला ऐकू येत नाही,” ते म्हणाले. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं मोठ्यानं, म्हणजे शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. “बरेच दिवस झाले. हाताला कळतं तेवढं सांगत होतो. माझी स्वतःची गाडी का मरते, ते हिनं ऐकलं. हिला विचारा.”

आता कुणी तरी फिसकन हसणार आणि मला या वयात मारामारी करावी लागणार, असं वाटत होतं. कुणी हसलं नाही. अक्का लाजली, उतरली, स्क्रू ड्रायव्हर न घेता नुसती वाकली आणि कान दिला.

“इकडच्या बाजूला भांड्यात खडा राहिल्यासारखं वाजतंय,” तिनं डावीकडे बोट दाखवलं.

भावोजींनी तिथे तळहात ठेवला. डोळे मिटले. “साखळी सैल आहे,” ते म्हणाले. “आत्ता काही होणार नाही. वर जाऊन आवळून घे.” मडिकेरीच्या पोराचं तोंड उघडंच राहिलं. लोहितनं भावोजींच्या हातातला खडू घेतला आणि अक्काच्या हातात दिला. तिनं त्या टाकीवर खूण केली, थोडी वाकडी आली. पुढच्या गाडीवाल्यानं तोवर आपली गाडी तिच्यासमोर आणून लावलीसुद्धा होती.

मग निघालो. तो आवाज मी आयुष्यात विसरणार नाही, आणि मला टू-स्ट्रोक आवडत नाहीत हे पुन्हा एकदा सांगून ठेवतो. डोंगर घुमत होता, वळणावळणावर लोक उभे राहून हात हलवत होते, माकडं झाडांच्या शेंड्यांवर पळाली होती. नंदीचा फाटा जवळ आला तेव्हा मी श्वास रोखला. भावोजींनीही रोखला असणार, कारण त्यांचे खांदे वर आले. गाडी फाट्यावरून गेली. वरच्या वळणावरून गेली. उचकी नाही, धाप नाही. मी स्कूटरवर एकटाच ओरडलो.

देवळाच्या मैदानात सगळ्यांनी भावोजींना घेरलं. कुणी फोटो काढत होतं, कुणी त्यांचा हात सोडत नव्हतं. अक्का दर्शन घेऊन आली. आज काय मागितलंस म्हणून मी तिला विचारलं, तर म्हणाली, काही नाही, ह्यांच्याकडे मीच बघीन एवढं सांगून आले. गर्दी पांगल्यावर भावोजी गाडीवर बसले आणि गाडी घरच्या दिशेला वळवायला लागले. अक्का मागे बसली.

“टाकी भरलेली आहे ना?” ती म्हणाली. “मग नरसीपूरला जाऊ, संगमावर. एवढ्यात घरी कशाला?”

ती मागून बोलली होती, त्यामुळे त्यांना ऐकू गेलं नाही. मग ती खाली उतरली, त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली आणि तेच पुन्हा सावकाश म्हणाली.